सुईविना हिमोग्लोबिन : प्रकाशमापनाची शक्यता आणि मर्यादा

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींमधील लोहयुक्त प्रथिन असून फुप्फुसांतला प्राणवायू शरीरभर पोचवण्याचे काम ते करते. त्याचे रक्तातील प्रमाण वय, लिंग आणि गर्भावस्था यांनुसार ठरलेल्या मर्यादेखाली गेले की त्या अवस्थेला रक्तपांढरी किंवा ॲनिमिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी ही मर्यादा दर डेसीलिटरला, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तामागे, १२ ग्रॅम आणि पुरुषासाठी १३ ग्रॅम आहे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तपांढरीग्रस्त आढळल्या. महाराष्ट्राचा आकडा ५४.२ टक्के होता. इतक्या मोठ्या लोकसंख्येची तपासणी वारंवार करायची तर प्रत्येक वेळी बोटाला टोचणे, चाचणीच्या पट्ट्या पुरवणे आणि वापरलेल्या सुया नष्ट करणे ही साखळी आरोग्य उपकेंद्रापर्यंत अखंड चालू राहावी लागते. ती तशी नेहमी चालत नाही, म्हणूनच केवळ प्रकाशाच्या साहाय्याने हिमोग्लोबिन मोजता येईल का, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

येथे एक गोष्ट आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. सुईची पद्धत आणि प्रकाशाची पद्धत असा विरोध बहुधा मांडला जातो, पण तो खरा नाही, कारण सुईनंतरचे मापनही प्रकाशाचेच असते. साहलीच्या जुन्या पद्धतीत रक्तात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून तयार होणारा तपकिरी रंग प्रमाणित काचेशी डोळ्यांनी ताडून पाहिला जाई. प्रयोगशाळेतील सायनमेथहिमोग्लोबिन पद्धतीत ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश रक्ताच्या द्रावणातून जाताना किती शोषला गेला, हे उपकरण मोजते. लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये आणि बेअर यांनी १८५२ मध्ये मांडलेल्या नियमांचे एकत्रित सार असे, की हे शोषण तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : पदार्थाची त्या तरंगलांबीला असणारी शोषणक्षमता, त्याची संहती आणि प्रकाशाने त्यातून कापलेले अंतर. एकच कोकम सरबत उथळ बशीत फिके आणि उंच पेल्यात गडद दिसते ते या तिसऱ्या घटकामुळे. सुई रक्त बाहेर काढते एवढेच तिचे कार्य नव्हे. ती ते रक्त ठाऊक असलेल्या जाडीच्या पात्रात पोचवते. सुई वगळली की खरे तर ते पात्र हरवते, आणि सुईविना मापनाच्या बहुतेक अडचणी या एका उणिवेतून निघतात.

मग बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरला सुईविना मापन कसे साधले, असा प्रश्न स्वाभाविक आहे. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी विकसित केलेले हे तत्त्व असे, की प्रत्येक ठोक्याला बोटातील धमन्यांत रक्त भरते तेव्हा शोषण किंचित वाढते, आणि हा बदलता अंश एकूण संकेताच्या जेमतेम एक-दोन टक्के असला तरी त्वचा, हाड व स्नायू यांच्या स्थिर शोषणापासून तो वेगळा काढता येतो. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन तांबडा (सुमारे ६६० नॅनोमीटर) व अवरक्त (सुमारे ९४० नॅनोमीटर) प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, म्हणून या दोन बदलत्या अंशांचे गुणोत्तर घेतले की रक्ताच्या प्राणवायू-संपृक्ततेचा अंदाज येतो. गुणोत्तर घेताना प्रकाशमार्गाची लांबी अंश आणि छेद या दोन्हींतून बव्हंशी निघून जाते. मात्र तिच्याबरोबर हिमोग्लोबिनची एकूण संहतीही निघून जाते, आणि या प्रश्नात नेमकी तीच हवी असते. प्राणवायूचे शेकडा प्रमाण सांगणारे यंत्र रक्त किती दाट आहे याविषयी मूक राहते ते याचमुळे.

यावर उपाय म्हणजे हिमोग्लोबिनची तुलना हिमोग्लोबिनशी न करता दुसऱ्या पदार्थाशी करणे, आणि शरीरात असा सोयीचा पदार्थ म्हणजे पाणी. पाण्याचे ठळक शोषण ९७० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्यापुढील अवरक्त पट्ट्यांत दिसते. परंतु स्वस्त सिलिकॉन संवेदकाची क्षमता साधारण ११०० नॅनोमीटरनंतर संपते आणि त्यापुढे महागडे संवेदक लागतात, त्यामुळे ज्या परिसरात हे साधन सर्वाधिक हवे तिथेच ते परवडेनासे होते. अमेरिकेतील मासिमो कंपनीच्या अनेक तरंगलांबी वापरणाऱ्या उपकरणाला २००८ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली, आणि मुंबई–ठाणे परिसरातील बायोसेन्स टेक्नॉलॉजीज या तरुण चमूने ‘टचएचबी’ हे उपकरण ग्रामीण आरोग्यसेविकांच्या हाती देण्याच्या उद्देशाने घडवले. मापनाची गुणवत्ता मात्र उद्देशावर ठरत नाही. २०१४ मध्ये ३२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात सुईविना उपकरणे आणि प्रयोगशाळा यांच्या आकड्यांतील सरासरी फरक नगण्य होता, पण एकेका व्यक्तीच्या बाबतीत तो उणे २.६ पासून अधिक २.८ ग्रॅमपर्यंत पसरलेला होता. उपकरणाने एखाद्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ दाखवले तर खरा आकडा सव्वाआठही असू शकतो आणि साडेतेराही; म्हणजे तीव्र रक्तपांढरीच्या उंबरठ्यापासून निरोगी अवस्थेपर्यंत सारे त्यात सामावते.

या टप्प्यावर यंत्रशिक्षण पुढे येते. संगणकाला सूत्र न देता हजारो उदाहरणे देणे आणि संकेत व उत्तर यांतील संबंध त्यालाच शोधायला लावणे, असा या पद्धतीचा थोडक्यात अर्थ. नाडीच्या लहरीची उंची, चढ-उताराचा वेग, निरनिराळ्या तरंगलांबींवरील बदलते अंश, मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपलेले नखाखालच्या किंवा पापणीच्या आतील भागाचे रंग, अशी सामग्री पुरवली की हरवलेल्या पात्राची जाडी संगणकाने शिकलेले प्रतिमान (मॉडेल) अप्रत्यक्षपणे ताडू लागते. ते ताडते की केवळ ताडल्यासारखे भासवते, हे तपासणे मात्र अवघड आहे. एखाद्या गटात हिमोग्लोबिनचे प्रमाण विचलन १.५ ग्रॅम असेल आणि प्रतिमानाने प्रत्येकाला गटाची सरासरीच उत्तर म्हणून दिली, तरी सरासरी चूक सुमारे १.२ ग्रॅमच भरते, आणि हा आकडा जाहिरातीत वाईट दिसत नाही. त्यात वय आणि लिंग मिसळले की प्रकाशाचा एकही किरण न वापरता चूक आणखी घटते. अशा प्रतिमानाची खरी फजिती सातच्या खाली गेलेल्या रुग्णांपाशी होते, कारण शिकवणीच्या संग्रहात ते थोडे असतात आणि यंत्र त्यांना मधल्या आकड्याकडे ओढते. ज्यांना शोधण्यासाठी हा खटाटोप, तेच निसटतात. एकाच व्यक्तीची काही मापने शिकवणीत आणि काही परीक्षेत ठेवणे हा आणखी एक दोष, कारण तेव्हा यंत्र हिमोग्लोबिन नव्हे, माणूस ओळखते. म्हणून केवळ सहसंबंधाचा गुणांक पाहून समाधान मानणे अयोग्य आहे. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये रूढ केलेली, प्रत्येक व्यक्तीमागील फरक मांडून पाहण्याची पद्धत येथे अनिवार्य ठरते.

त्वचेतील मेलॅनिन हेही याच वर्णपटात प्रकाश शोषते. पल्स ऑक्सिमीटरसारखे मुरलेले उपकरणसुद्धा कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या मानाने सुमारे तिप्पट वेळा हेरू शकले नाही, हे अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. मेंदी लागलेली नखे, शेतकामाने घट्टे पडलेली बोटे, थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या हे सारे भारतीय परिस्थितीचे भाग आहेत आणि शिकवणीच्या संग्रहात त्यांना स्थान नसेल तर यंत्र त्यांच्यापाशी अडखळणारच. शिवाय यंत्राला दिलेले ‘खरे उत्तर’ कुठून आले हेही पाहावे लागते. २०१५–१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बोटातून घेतलेल्या रक्तावरून पाच वर्षांखालील ५८.६ टक्के मुले रक्तपांढरीग्रस्त ठरली, तर २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतील रक्तावरून एक ते चार वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण सुमारे ४१ टक्के आले. वयोगट थोडे वेगळे असले तरी एवढ्या तफावतीचा मोठा वाटा रक्त घेण्याच्या पद्धतीकडे जातो. बोट दाबून काढलेल्या थेंबावर शिकलेले यंत्र त्या थेंबाच्या चुकाही शिकेल.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठ व जॉर्जिया टेक येथील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेले नखांच्या छायाचित्रांवरील काम या दृष्टीने बोधक आहे. सर्वांसाठी एकच प्रतिमान वापरले असता चुकीची मर्यादा सुमारे २.४ ग्रॅम राहिली. परंतु त्याच व्यक्तीच्या प्रत्यक्ष रक्ततपासणीशी जुळणी करून घेतल्यावर ती ०.९२ ग्रॅमपर्यंत खाली आली. व्यक्तीची त्वचा, नखे आणि ऊतींची रचना फारशी बदलत नाही, बदलते ते हिमोग्लोबिन, त्यामुळे ही जुळणी हरवलेल्या पात्राची जागा काही अंशी भरून काढते. गर्भारपणात पहिल्या भेटीला शिरेतून रक्त घेऊन पुढील पाठपुरावा प्रकाशावर ठेवणे, किंवा लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसतो आहे का हे पाहणे, अशा कामांत या साधनांना वाव आहे. गावातल्या अनोळखी व्यक्तीला एका स्पर्शात आकडा सांगणारे यंत्र म्हणून ती अजून उभी राहत नाहीत, आणि तशी विकली जाऊ नयेत. रक्तपांढरी लोहाच्या कमतरतेची, थॅलसेमियाची की नंदुरबार–गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेलची, याचा निवाडा हिमोग्लोबिनच्या अचूक आकड्यावरूनही होत नाही. त्यासाठी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात, विद्युतसंचारण चाचणी करावी लागते, आणि तिथे पुन्हा सुईच लागते.