कार्यालयाची रचना आणि कार्यक्षमता

कार्यालय म्हणजे टेबले, खुर्च्या व कपाटे एवढाच मर्यादित अर्थ प्रशासनात दीर्घकाळ घेतला गेला. वस्तुतः कर्मचारी कोठे बसतो, आवश्यक कागद त्याच्या हाताशी असतात काय आणि नागरिक त्याच्यापर्यंत कसा पोहोचतो, यांवर कामाचा वेग व समाधान ही दोन्ही बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

या प्रश्नाचा गाजलेला अभ्यास १९२४ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात सुरू झाला. प्रकाश वाढविल्यास उत्पादन वाढते काय, हे तपासावयाचे होते. परंतु प्रकाश कमी केल्यावरही उत्पादन वाढल्याचे आढळले. पुढे एल्टन मेयो यांनी या प्रयोगमालेच्या आधारे मानवी संबंधांचे महत्त्व प्रतिपादन केले. मग भौतिक परिस्थिती गौण ठरते काय? तसे नव्हे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या १९५९ मधील द्विघटक सिद्धांतानुसार, चांगल्या परिस्थितीमुळे प्रेरणा निर्माण होतेच असे नाही. मात्र वाईट परिस्थितीमुळे असमाधान वाढते.

भिंती काढल्या की संवाद वाढतो, हा समजही तपासून घ्यावा लागतो. बर्नस्टीन व टर्बन यांच्या २०१८ मधील अभ्यासात, दोन कंपन्यांनी खुली बैठकव्यवस्था स्वीकारल्यानंतर प्रत्यक्ष संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला व ई-मेलचा वापर वाढला. जागेची बचत हिशेबात दिसते. एकाग्रतेची हानी मात्र हिशेबाबाहेर राहते.

भारतीय संदर्भात 'लखिना पॅटर्न' महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची पुनर्रचना केली. अभिलेखांचे वर्गीकरण, बैठकव्यवस्थेतील बदल आणि प्रत्येकाच्या कर्तव्यांची स्पष्ट निश्चिती ही तिची प्रमुख अंगे होती. कागद शोधण्यात जाणारा वेळ वाचला की तो निर्णयासाठी उपलब्ध होतो, हे त्यामागील साधे अर्थशास्त्र होय.

रचनेचा प्रश्न समतेचाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सुगम्य इमारतींचा आग्रह धरला. उताराचा मार्ग नसलेल्या कार्यालयात पात्र उमेदवाराची नियुक्ती होऊनही त्याची कार्यक्षमता दारातच अडते.

सारांश, रचना ही चांगल्या प्रशासनाची हमी नव्हे, पण पूर्वअट निश्चित आहे. तिच्यावरील खर्च हा सजावटीचा खर्च न मानता मनुष्यबळातील गुंतवणूक मानला, तर त्याचा लाभ कर्मचाऱ्याइतकाच रांगेत उभ्या असलेल्या नागरिकालाही मिळेल.