आरशाशी मांडलेला वाद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंगल प्रसंगी आम्ही आजाराचा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींस नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत, गावोगावच्या बदल्यांत केस पिकलेले एक साधे बी.ए. आहोत. परंतु मंडळाच्या वधूवर सूचक केंद्राचे काम पाहताना जे नजरेस पडले, त्याने आम्हांस या विषयाकडे वळविले.

एका सालस, कमावत्या तरुणाने आपले नाक वाकडे आहे या समजापोटी छायाचित्र देण्याचे नाकारले. पुढे कचेरीत जाणेही सोडले. पाहणाऱ्यास त्या नाकात काहीच वावगे दिसत नसे. घरची माणसे ‘हे कसले खूळ?’ म्हणत, आणि मुलगा अधिकच मिटत जाई.

हे खूळ नव्हे, हा विकार आहे. एनरिको मोर्सेली या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने १८९१ साली त्याचे वर्णन करून त्यास ‘डिस्मॉर्फोफोबिया’ असे नाव दिले. आज त्यास ‘बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर’ म्हणतात. आपण ‘कल्पित कुरूपतेचा विकार’ म्हणू. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात त्यास मंत्रचळाच्या जातकुळीत बसविले, ते योग्यच झाले. मंत्रचळाचा रोगी जसा पुनःपुन्हा हात धुतो, तसा हा रोगी आरसा पाहतो किंवा आरसा टाळतो, इतरांशी स्वतःची तुलना करतो, त्वचा खरवडतो, रुमालाने चेहरा झाकतो. दिवसाचे कित्येक तास यात जातात.

शंभरांत सुमारे दोघांना हा विकार असतो. पुरुष व स्त्रिया यांत फारसा भेद नाही. प्रारंभ बहुधा बाराव्या-तेराव्या वर्षी होतो. म्हणून पालकांनी यास वयाचा नखरा समजू नये. नखऱ्यात सुख असते, येथे केवळ यातना आहेत. या रोग्यांची दृष्टी चेहऱ्याचे समग्र रूप सोडून बारीकशा खुणेवरच खिळते, असे संशोधकांना आढळले आहे. आनुवंशिकता आणि बालपणीची चेष्टा यांचाही वाटा असतो. ‘काळी’, ‘ठेंगू’ ही आपल्या घरांतील लाडकी संबोधने कोठे रुतून बसतील, याचा नेम नसतो.

असा रोगी प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे वा प्लॅस्टिक सर्जनकडे जातो. परंतु शस्त्रक्रियेने बहुधा समाधान होत नाही; जुनी तक्रार तरी उरते, किंवा ती दुसऱ्या अवयवावर सरकते. दुखणे नाकात नसतेच, तेव्हा नाक कापून ते जाणार कसे?

खरे उपचार दोन आहेत. पहिला, विचार आणि वर्तन यांवरील मानसोपचार, ज्यास सी.बी.टी. म्हणतात. त्यात रोगी तोंड न झाकता बाजारात जाण्यास, आरशात डोकावण्याची ओढ आवरण्यास पायरीपायरीने शिकतो. दुसरा, फ्लुओक्झेटिनसारखी औषधे. त्यांची मात्रा पुष्कळदा नेहमीपेक्षा अधिक लागते आणि गुण दिसण्यास १२ ते १६ आठवडे जातात. म्हणून महिन्याभरात निराश होऊन ती सोडू नयेत. दोन्ही उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावेत.

घरच्यांनी काय करावे? ‘तू सुंदर आहेस’ असे शंभरदा सांगितल्याने क्षणभर बरे वाटते, आणि एकशेएकाव्यांदा तोच प्रश्न येतो. रूपाविषयी वाद न घालता ‘तुला फार त्रास होतो आहे, आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ’ एवढेच म्हणावे. या विकारात आत्महत्येचा धोका मोठा असतो. तसे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते मनात रुजत नाहीत, उलट भार हलका होतो. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. परप्रांतात राहणाऱ्या आपणांस तिचे मोल विशेष आहे.

जाता जाता मंडळास एक विनंती. आपल्या वधूवर नोंदणीच्या अर्जात ‘वर्ण’ असा एक रकाना आहे. केवळ त्या रकान्याने कोणी आजारी पडत नाही, हे खरे. पण धुमसत्या मनाला तो सरपण पुरवितो. पन्नास वर्षे तो रकाना आपण निष्ठेने भरविला. एक्कावन्नाव्या वर्षाचा अर्ज त्यावाचून छापावा, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.