सांडपाणी, जड धातू आणि वनस्पतिजीवन
(व्याख्यानाचा मजकूर)



लोणी काळभोरच्या उत्तरेस मुळा-मुठेचे पात्र आहे आणि शिवारातून मुठेचा जुना उजवा कालवा जातो. शेतकरी त्यास ‘बेबी कालवा’ म्हणतात. एकेकाळी त्यात खडकवासल्याचे धरणाचे पाणी वाहत असे. अलीकडच्या काळात मुंढव्याहून पुणे शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी उपसून त्यात सोडले जाऊ लागले. शेताला पाणी मिळाले, हे नाकारता येत नाही. परंतु ‘प्रक्रिया’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मैलापाण्याची प्रक्रिया मुख्यत्वे कुजणारी घाण काढण्यासाठी असते. धातू कुजत नाहीत. त्यांचा काही भाग गाळात बसतो, उरलेला पाण्याबरोबर पुढे जातो. शिवाय दापोडीजवळ मुळेस मिळणारी पवना पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीतून वाट काढीत आलेली असते. धातूंवर मुलामा देण्याच्या कामातून क्रोमियम व निकेल, बॅटऱ्यांतून शिसे व कॅडमियम पाण्यात उतरतात.

वनस्पतीस पाणी निवडण्याची सोय नाही. जस्त व तांबे तिला अल्प प्रमाणात हवेच असतात. शिसे व कॅडमियम यांचा तिला काहीही उपयोग नाही. मात्र कॅडमियमचे गुणधर्म जस्ताशी इतके मिळतेजुळते, की जस्तासाठी उघडलेल्या दारातूनच ते मुळात शिरते. पहिला आघात मुळाच्या टोकावर होतो. पेशींचे विभाजन मंदावते, मूळ आखूड व तपकिरी होते, केशमुळे विरळ होतात. पुढे लोहाचे शोषण बिघडते, हरितद्रव्य घटते आणि पाने पिवळी पडतात. शेतकरी लोहाची उणीव समजून हिराकस फवारतो, आणि मूळ दुखणे जमिनीतच राहते.

याहून फसवा प्रकार हिरव्यागार पिकाचा. वनस्पती काही सूक्ष्म प्रथिनसदृश द्रव्ये तयार करून धातूस जखडते आणि पेशींच्या पोकळीत कोंडून ठेवते. त्यामुळे ती स्वतः तगते; विष मात्र खाणाऱ्याच्या ताटात येते. शिसे बहुतांशी मुळांतच अडकते, कॅडमियम पानांपर्यंत चढते. म्हणजे कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या घरानेही निर्धास्त राहू नये; पालक तर त्या घरातही शिजतो. भाजी धुतल्याने माती जाते, पानाच्या आतला धातू जात नाही.

दख्खनची काळी जमीन चिकण व चुनखडीयुक्त असल्याने धातूंना धरून ठेवते. हे एक प्रकारचे संरक्षणच. पण धरलेले साठतही जाते. पाण्यात क्षार वाढले, विशेषतः क्लोराइड, की कॅडमियम पुन्हा सुटते व मुळांना उपलब्ध होते.

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्याने खाणीतील कॅडमियम भातशेतीत आणले. तो भात खाऊन अनेकांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली आणि हाडे ठिसूळ बनली. १९६८ साली तेथील सरकारने तो प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले. शेतांची माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. लोणीची अवस्था तशी आहे असे म्हणणे येथील शेतकऱ्यावर अन्याय होईल. पण धातू एकदा मातीत मुरला की किती पिढ्या पुरतो, ते तेथे दिसले.

म्हणून तपासणी आधी हवी. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक येतात. त्यांत जस्त, तांबे आहेत, पण शिसे, कॅडमियम, क्रोमियम नाहीत. ती चाचणी स्वतंत्रपणे मागावी लागते, आणि एकट्या शेतकऱ्यास ती परवडत नसेल तर चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून करावी. कालव्याकाठच्या विहिरींचे पाणीही त्याच वेळी द्यावे, कारण पाझर तेथेच उतरतो. अहवाल येईपर्यंत पालक, मेथी, कोथिंबीर अशा पालेभाज्या कालव्याच्या पाण्यावर घेऊ नयेत. त्या तुकड्यात फुलशेती करता येईल. सांडपाणी केंद्रातील गाळ स्वस्त खत म्हणून मिळाला तरी त्याचा धातूंचा अहवाल पाहिल्याशिवाय तो बांधावर उतरवून घेऊ नये.