शिंगाचा कर्करोग : डॉक्टरांचे औषध आणि घरची शुश्रूषा



कर्करोग म्हटला की तो माणसाचाच रोग, असे आपण धरून चालतो. पण तो जनावरालाही होतो, आणि आपल्याकडच्या बैलाला होतो तेव्हा पुष्कळदा तो शिंगात होतो. ट्रॅक्टर गावोगाव आले, तरी ज्याचे रान लहान किंवा चढउताराचे, त्याचे औत आजही बैलावर चालते. असा बैल ऐन कामाच्या वयात, बहुधा पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान, या रोगाला बळी पडतो. जोडीतला एक बैल गेला म्हणजे दुसराही बिनकामाचा होतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. म्हणून आज या रोगाविषयी चार गोष्टी नीट समजून घेऊ.

शिंग बाहेरून टणक दिसते, पण आत हाडाचा गाभा असतो. मोठ्या जनावरात हा गाभा पोकळ असून ती पोकळी कपाळातल्या पोकळीला आणि पुढे नाकाला मिळालेली असते. या पोकळीच्या आतल्या नाजूक अस्तरात रोग सुरू होतो. बाहेर काहीच दिसत नाही, आणि फसगत होते ती इथेच.

मग ओळखायचे कसे? बैल वरचेवर डोके झटकतो. एकच शिंग झाडाला, गव्हाणीला घासत राहतो. मान एका बाजूला कलती धरतो. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी येते. दोन्ही शिंगांवर बोटाने हलकेच टिचकी मारून पाहा. निरोगी शिंग पोकळ वाजते. रोगट शिंगाचा आवाज भरीव, बद्द येतो आणि बैल डोके मागे घेतो. पुढे शिंगाचे मूळ मऊ पडते, शिंग एका बाजूला झुकते, आणि शेवटी गळून पडते. तिथे फुलकोबीसारखे मांस वाढलेले दिसते, त्यावर माशा बसतात, किडे पडतात. “मार लागून शिंग सडले,” असे तेव्हा म्हणतात. पण रोग त्याआधीच आत वाढलेला असतो.

हा रोग कशाने होतो? गाई आणि वळू यांच्यापेक्षा तो खच्ची केलेल्या बैलांत फार अधिक आढळतो. त्यामुळे शरीरातल्या अंतःस्रावांचा त्याच्याशी संबंध असावा, असे मानतात. जू किंवा दोर यांचा सततचा मार, शिंगे साळणे, त्यांना रंग लावणे, कडक ऊन यांच्यावरही संशय घेतला गेला आहे. नेमके एकच कारण ठरलेले नाही. तरी पोळ्याला शिंगे खोलवर साळू नयेत, त्यात बैलाचे नुकसान काहीच नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : हा रोग एका बैलाचा दुसऱ्याला किंवा माणसाला लागत नाही. म्हणून आजारी बैलाला वाळीत टाकायचे कारण नाही.

उपचाराचे पहिले सूत्र एकच, लवकर. रोग शिंगापुरता आहे तोवर पशुवैद्य डोळा आणि शिंग यांच्यामधल्या भागात बधिरतेचे इंजेक्शन देऊन शिंग मुळापासून काढतात आणि कातडी वर ओढून शिवतात. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला की निदान पक्के होते. जखम भरल्यावर एका शिंगाचा बैल पुन्हा कामाला लागू शकतो. मात्र रोग कपाळाच्या पोकळीत शिरला असेल तर शस्त्रक्रियेनंतरही तो उलटण्याची भीती असते. महिनाभराची चालढकल फार महाग पडते ती अशी.

काही वेळा डॉक्टर व्हिन्क्रिस्टीन नावाचे इंजेक्शन शिरेतून देतात. आता गंमत पाहा. हे औषध मिळाले आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून! 1960 च्या दशकात ते माणसांच्या कर्करोगावर वापरात आले. कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी एक गाठ असते; ती तर आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. बैलाच्या शिंगात मात्र गुण येईलच असे नाही.

“मग सदाफुलीचा पालाच चारला तर?” असे कुणी विचारील. तसे मुळीच करू नका. पाल्यात हे द्रव्य अगदी अल्प असते, आणि त्याच्या जोडीला विषारी द्रव्येही असतात. औषध शुद्ध करून, वजनाप्रमाणे मोजून दिले तरच ते औषध. ते शिरेबाहेर सांडले तरी तिथले मांस झडते. इंजेक्शनानंतर काही दिवस शेण-मूत काढताना हातमोजे घाला, गरोदर बाईला त्या कामाला लावू नका.

मग घरच्या उपायांना जागाच नाही का? आहे, आणि मोठी आहे; पण ती शुश्रूषेची. जखम रोज डॉक्टर सांगतील तशी धुवा, माशा बसू देऊ नका. गोठा कोरडा ठेवा, सावली द्या. मऊ हिरवी वैरण आणि स्वच्छ पाणी तोंडाशी ठेवा. डोक्याला दोर बांधू नका, आणि डॉक्टर सांगेपर्यंत जू मानेवर ठेवू नका. हळद, काढा, गोमूत्र यांनी हा रोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. त्यांच्या नादात दिवस घालवू नका. आणि शिंगाला डाग देणे, जखमेत राख-शेण भरणे, हे तर दुखण्यावर दुखणे होय.

वेदना कमी करणे हाही उपचारच आहे. डॉक्टर मेलॉक्सिकॅम देऊ शकतात. डायक्लोफेनॅक मात्र जनावरांसाठी 2006 साली बंद झाले, कारण ते दिलेल्या मेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरत. म्हणून घरातल्या माणसांच्या वेदनेच्या गोळ्या गुरांना देऊ नका. कुत्र्या-मांजरांनाही नको, पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

काही वेळा रोग फार पुढे गेलेला असतो. तेव्हा डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, “आता याला सुख कशात आहे?” खर्च कुठे थांबवावा हे विचारण्यात लाज नाही. ज्याने आपले रान नांगरले, त्याचे अखेरचे दिवस कमी यातनांचे जावेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.

गुरुजनहो, तुमच्याकडे एक विनंती. गुरे चारायला जाणाऱ्या मुलांची नजर मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्गात ही लक्षणे फळ्यावर लिहा, आणि घरच्या बैलाची दोन्ही शिंगे हळूच वाजवून पाहायला सांगा. फरक वाटला तर वडिलांना सांगावे, आणि वडिलांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा 1962 या क्रमांकावर विचारावे.

रोगाशी झुंजायचे ते डॉक्टरांच्या शास्त्राने आणि घरच्या मायेने, दोन्ही मिळून. जोडीतला एकच बैल ओढू लागला तर औत सरळ चालत नाही, हे तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?