खडकातली पऱ्यांची घरं



इटलीच्या पश्चिमेला भूमध्य समुद्रात सार्डिनिया नावाचं मोठं बेट आहे. तिथल्या खडकांत जागोजागी लहानसे चौकोनी दरवाजे कोरलेले दिसतात. वाकून, कुठे कुठे तर रांगतच आत जावं लागतं. लोक त्यांना ‘दोमुस दे जानास’ म्हणतात, म्हणजे पऱ्यांची घरं. गोष्टींतल्या या पऱ्या म्हणजे बुटक्या बाया, सोन्याच्या मागावर कापड विणणाऱ्या. एवढ्याशा दारातून दुसरं कोण ये-जा करणार?

खरं तर ही थडगी आहेत. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकरी-मेंढपाळांनी दगडाच्या हत्यारांनी खडक पोखरून ती करायला सुरुवात केली. बेटावर अशी दोन हजारांहून जास्त थडगी आहेत. आल्घेरो शहराजवळ तर तीसहून अधिक थडगी एकाच ठिकाणी सापडली.

आत गेलं की खोलीला लागून खोली. काही ठिकाणी छताला वासे कोरलेत, मधे खांब ठेवलेत, जमिनीवर चुलीचं वर्तुळ आहे. भिंतीत कोरलेलं एखादं दार कधी उघडतच नाही. कुठे बैलाची शिंगं, कुठे गेरूचा लाल रंग. ते वासे कसलाही भार पेलत नाहीत, वर सगळा खडकच आहे. तरी कुणीतरी दिवसेंदिवस बसून ते कोरले. गेलेल्या माणसाला ओळखीचं घर मिळावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप असावा. एकाच थडग्यात पुढे कितीतरी जणांना ठेवलं जाई. गेलेलं माणूस आपल्या माणसांत जाई.

जिवंत माणसांची घरं लाकडाची, गवताची. ती केव्हाच मातीला मिळाली. त्यांचं छप्पर कसं होतं, चूल कुठे होती, हे आज बरंचसं कळतं ते या थडग्यांवरून.

पुढे कोण कुणाचं, हे सगळे विसरले आणि पऱ्यांची गोष्ट आली. आपणही नाशिकची बौद्ध लेणी पांडवांच्या नावावर केलीच की! काही थडग्यांत मेंढपाळांनी जनावरं बांधली, बोनोर्वा गावाजवळच्या एका थडग्याचं तर चर्च झालं. 2025 मध्ये युनेस्कोनं या थडग्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला.

तुमच्या गावाजवळ अशी कोरीव जागा असेल, तर तिची गोष्ट आजीला जरूर विचारा. आणि मुलांना तिथल्या भिंतीवर नावं कोरू देऊ नका.