भिंतीवरचें उपवन

भिंतीवर बाग रंगविण्याची हौस फ्रान्समध्यें फार जुनी. लतामंडप, कारंजीं, वनांतले एकांत कोपरे यांवांचून सरदारांचा दिवाणखाना सुना वाटे. एकोणिसाव्या शतकांत तीच हौस छापील कागदाच्या रूपानें सुखवस्तु घरांत शिरली. आल्सासमधील झ्यूबेर यांच्या कारखान्यांतून लाकडी ठशांनीं छापलेले कागद भिंतीभोंवतीं लावले कीं, बंद खोलींत उद्यान उभें राही. त्या उद्यानांत सारें नीटनेटकें असे. चिखल तेवढा नसे.

१८७६ सालीं क्लोद मोने यांना असेंच सजावटीचें काम मिळालें. पॅरिसजवळ माँजरों येथें कापडाचे व्यापारी एर्नेस्त ओशदे यांचा रोतांबूर नांवाचा वाडा होता. पत्नी आलीस हिला तो वारशानें आलेला. तेथील दिवाणखान्यासाठीं मोने यांनीं चार मोठीं चित्रें योजिलीं. एकांत झाडांच्या छायेनें काळवंडलेलें तळें. दुसऱ्यांत फुलझाडांनीं दाटलेला बागेचा कोपरा. तिसऱ्यांत पानगळीच्या दिवसांतील रानवाट व तिजवर शिकारी. चौथ्यांत मात्र ना लतामंडप, ना ललना! उतरत्या हिरवळीवर पांढरीं टर्की कोंबडीं चरत आहेत, समोरच्या एकाचें अंग तर चौकटीनें छाटलें आहे, आणि धन्याचा वाडा बिचारा दूर मागें उभा आहे. सुटें चित्र म्हणून पाहणाऱ्यास ही काटछांट विक्षिप्त वाटेल. परंतु तें भिंतीचें अंग आहे असें मानलें, कीं हिरवळ थेट खोलींत उतरते. १८७७ च्या प्रदर्शनांत तें अपूर्ण सजावट म्हणूनच मांडलें होतें.

त्याच वर्षीं ओशदे यांचें दिवाळें निघालें. १८७८ च्या लिलावांत, त्यांनीं ८०० फ्रँकांना घेतलेलें मोने यांचें सूर्योदयाचें प्रसिद्ध चित्र अवघ्या २१० फ्रँकांना गेलें. वाडाही सुटला. चार भिंतींसाठीं जन्मलेलीं तीं चार चित्रें पांगलीं : तळें व बागेचा कोपरा मॉस्कोच्या मोरोझोव्ह यांच्या संग्रहांतून सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्यें पोंचलीं, कोंबडीं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहेत, शिकारी खासगी संग्रहांत गेले. आलीस हिनें, वैधव्यानंतर, १८९२ सालीं मोने यांच्याशींच विवाह केला.

पुढें मोने यांनीं कमळतळ्याचीं प्रचंड चित्रें रंगविलीं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२७ सालीं, तीं पॅरिसच्या त्युइलरी बागेंत, एके काळीं संत्र्यांचीं झाडें हिवाळ्यांत ठेवण्यासाठीं बांधलेल्या ओरांजरी नामक इमारतींत, दोन लंबवर्तुळाकार दालनांत लावण्यांत आलीं. त्यांचें कापड भिंतींनाच चिकटविलेलें आहे.