मुसाफिराचे ऋण
(सारंगखेडा येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



आपल्या सारंगखेड्याला परका माणूस नवा नाही. दरवर्षी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो आणि दूरदूरच्या प्रांतांतील माणसे तापीकाठी येऊन राहतात. म्हणून आज घोडे घेऊन निघालेल्या एका मुसाफिराचीच हकीकत आपणांपुढे ठेवतो.

त्याचे नाव इब्न बतूता. जन्म १३०४ सालचा, मोरोक्को देशातील तँजियर शहरी. दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने त्याला आधी काझी नेमले आणि १३४२ मध्ये आपला वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे रवाना केले. नजराण्यात शंभर जातिवंत घोडे होते. हा काफिला दौलताबादेहून नंदुरबारमार्गे खंबायतेला गेला. नंदुरबारच्या मराठी लोकांविषयी त्याने लिहून ठेवले आहे की, ते कसबी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत. भात, भाजीपाला व तिळाचे तेल हा त्यांचा आहार असून मुक्या जिवांना दुखवणे त्यांना आवडत नाही.

पण हे लिहिणारा माणूस नंदुरबारला जिवंत पोचला, तो एका अनोळख्याच्या दयेमुळे. दिल्ली सोडल्यावर थोड्याच दिवसांत कोईल गावाजवळ चकमक झाली. हे कोईल म्हणजे आजचे अलीगढ. १८७५ मध्ये सर सय्यद अहमदखानांनी जेथे शाळा काढली आणि १९२० मध्ये जेथे मुस्लिम विद्यापीठ झाले, तेच ठिकाण. चकमकीत इब्न बतूता सोबत्यांपासून तुटला. चाळीसेक तिरंदाजांनी त्याला घेरून लुटले. त्याला ठार मारायचे ठरले होते. परंतु टोळीतल्याच एका तरुणाला दया आली व त्याने त्याला सोडून दिले. पुढे तो रानावनांत भटकत राहिला. एका गावी खायला मागितले, तर कोणी दिले नाही. मुळ्याची पाने खाऊन त्याने दिवस काढला. आठव्या दिवशी विहीर सापडली, दोरही होता, पण भांडे नव्हते. तेव्हा पायातला जोडा दोराला बांधून त्याने पाणी काढले. दुसऱ्यांदा काढताना तो जोडाही विहिरीत पडला.

अशा वेळी हातात काठी आणि पाण्याचे भांडे घेतलेला एक काळासावळा माणूस तेथे आला. त्याने सलाम करून विचारपूस केली. इब्न बतूताने आपण वाट चुकल्याचे सांगताच तोही म्हणाला की, मीसुद्धा वाट चुकलेलाच आहे. त्याने पाणी काढून दिले, जवळचे चणे व थोडा तांदूळ खायला दिला. इब्न बतूताला चालवेना, तेव्हा त्याला खांद्यावर घेतले. थकलेला मुसाफिर खांद्यावरच झोपी गेला. जाग आली तेव्हा तो एका गावात होता आणि आणणारा निघून गेला होता. गावची रयत हिंदू, अंमलदार मुसलमान. त्या अंमलदाराने त्याला घरी नेऊन गरम जेवण दिले, अंगावर कपडे दिले.

मित्रहो, वाटसराला मदत करणे हा काही केवळ शिष्टाचार नव्हे. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यावी असे कुरआनात सांगितले आहे, त्यांत मुसाफिरही आहे. घरी श्रीमंत असला तरी वाटेत अडकलेला माणूस गरजूच असतो. आणि मदत करायला आपली कोठी भरलेली असावी लागते असेही नाही. विहिरीवरचा तो माणूस स्वतःच वाट चुकलेला होता. तरी मूठभर चणे त्याने वाटून घेतले.

आता उपकार घेणाऱ्याकडे पाहू. १३५५ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी, मोरोक्कोतील फेज शहरी इब्न बतूताने आपली प्रवासकथा सांगून लिहवून घेतली. एवढ्या देशांचे बादशहा आणि दरबार पाहून आलेला हा माणूस; पण ते चणे, ती विहीर, तो खांदा त्याने गाळला नाही. ‘आनंदी हृदय’ असा अर्थ असलेले त्याचे नावही त्याने नोंदवले. फारसीत त्यालाच दिलशाद म्हणतात. हा कोणी वली असावा अशी त्याची श्रद्धा होती. असो. आपल्यासाठी एवढे पुरे की, वजन त्याने खरोखर उचलले आणि नाव सहाशे वर्षांहून अधिक काळ टिकले.

नेकी कर और दर्या में डाल, असे आपल्या घरांतून म्हणतात. करणाऱ्याने खुशाल तापीत सोडावी. घेणाऱ्याने मात्र ती सोडू नये.

पालकहो, आपली मुले-मुली शिक्षणासाठी शहादा, नंदुरबार, धुळे, पुण्यापर्यंत जातात. अनोळख्यापासून सावध राहा, असे आपण त्यांना सांगतो. ते योग्यच आहे. लुटणारेही त्याच रस्त्यावर भेटले होते. पण खांद्यावर घेणाराही त्याच रस्त्यावर भेटला, हेदेखील त्यांना सांगा. आपल्या घराण्याला अडचणीत कोणी आसरा दिला, कोणी भाकर दिली, त्यांची नावे-गावे मुलांच्या कानांवर घाला. मग ते कोणत्या जातिधर्माचे का असेनात.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला कोणी मदत केली तर त्याचे नाव वहीत टिपा. पोचल्याचा निरोप त्याला कळवा. तो पुन्हा भेटला नाही, तर ते ऋण पुढच्या मुसाफिराला फेडा. यात्रेच्या दिवसांत मार्गशीर्षाच्या थंडीत उघड्यावर झोपलेला एखादा घोडेवाला किंवा शेवटची गाडी चुकलेली एखादी म्हातारी तुम्हाला दिसेलच. तिला पाणी विचारा, घरी आईला सांगा.